डीनपदाच्या वाटेवर: पुण्यातल्या आरोग्यविज्ञान विद्याशाखांतली वरिष्ठ पदं आणि त्यांची तयारी

पंधरा-वीस वर्षं शिकवून झाली, पीजीच्या मुलांचे थिसिस मार्गी लागले, विभाग बरा चालला, की कधीतरी कुणीतरी म्हणतंच, "सर, आता तुम्ही डीन व्हायला हवं." किंवा "मॅडम, तुम्ही अर्ज का करत नाही?" ऐकायला बरं वाटतं, पण पुढं नेमकं काय करायचं ते सांगणारं कुणी भेटत नाही. एमबीबीएसला कुणी बजेट शिकवत नाही आणि एमडीला कुणी सेवापुस्तिका उघडून दाखवत नाही. मग पन्नाशीच्या आसपास हजारभर माणसांची संस्था एकदम हातात येते आणि चांगले चांगले डॉक्टर पहिल्या वर्षातच थकून जातात. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

मी पुण्यातल्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठात काही वर्षं उपअधिष्ठाता, म्हणजे डीनच्या खालोखालचा अधिकारी, म्हणून काम केलं. पुढं निवड समित्यांवर टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो. त्यातून जे पक्कं झालं ते आधीच सांगतो. कोणतंही वरिष्ठ पद घेण्याआधी त्या पदाची सही कशावर आणि किती रकमेपर्यंत चालते ते शोधून काढा. जबाबदारी पूर्ण आणि सही अर्धी, अशी पदं आपल्याकडे भरपूर आहेत. ती स्वीकारू नका असं मी म्हणत नाही. डोळे उघडे ठेवून स्वीकारा, एवढंच म्हणतो. खालची सगळी पावलं याच एका गोष्टीभोवती आहेत.

पाऊल पहिलं: संस्था कोणत्या घरातली आहे ते ओळखा

पुण्यात आरोग्यविज्ञानाचं शिक्षण चार-पाच वेगवेगळ्या व्यवस्थांखाली चालतं. सगळीकडे दारावर 'अधिष्ठाता', म्हणजे डीन, हीच पाटी असते, पण आतलं काम एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी लागू होत नाही.

बी. जे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय घ्या. कॉलेज १९४६ चं, ससून रुग्णालय १८६७ पासूनचं, एमबीबीएसच्या २५० जागा आणि हजाराहून अधिक खाटा. इथला डीन कॉलेज आणि रुग्णालय या दोन्हींचा प्रमुख असतो. नेमणूक राज्याच्या वैद्यकीय शिक्षण सेवेतली. पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरलं जातं किंवा अनेकदा प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून दिलं जातं. वर संचालनालय आणि मंत्रालयातला विभाग. बदली कुठंही होऊ शकते. सहीला सरकारी वजन असतं, पण खरेदी, पदभरती आणि बांधकाम यांच्या फायली पुण्याबाहेर जाऊन येतात. हा रस्ता धरायचा असेल तर सेवाज्येष्ठता, गोपनीय अहवाल आणि आयोगाच्या जाहिराती या तीन गोष्टींवर कायम नजर हवी.

महापालिकेची कॉलेजं हा तुलनेनं नवा प्रकार. भारतरत्न अटलबिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये १०० जागांनी सुरू झालं. पिंपरीत पालिकेच्याच यशवंतराव चव्हाण स्मृती (वायसीएम) रुग्णालयाची पदव्युत्तर संस्था आहे. इथं आयुक्त, लेखा विभाग आणि पालिकेची स्वतःची खरेदीपद्धत यांच्याशी रोजचा संबंध येतो. उभारणीच्या काळात काम करायची आवड असेल तर अशा संस्थेसारखी शाळा नाही, कारण सगळं शून्यापासून बसवावं लागतं.

अभिमत विद्यापीठांचं गणित वेगळं. भारती विद्यापीठाला हा दर्जा १९९६ मध्ये मिळाला, सिंबायोसिसला २००२ मध्ये आणि पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाला २००३ मध्ये. इथं परीक्षा विद्यापीठाची, पदवी विद्यापीठाची आणि कुलगुरू त्याच आवारात. अभ्यासक्रमात बदल सुचवलात तर तो अभ्यास मंडळ आणि विद्यापरिषद यांतून काही महिन्यांत मंजूर होऊ शकतो, याचा आनंद मोठा आहे. त्याचबरोबर आर्थिक निर्णय बऱ्याचदा व्यवस्थापनाच्या पातळीवर होतात. म्हणून इथं सहीची मर्यादा आधी विचारणं सगळ्यात जास्त गरजेचं.

खासगी पण संलग्न कॉलेजं, उदाहरणार्थ नऱ्ह्याचं काशीबाई नवले, तळेगावचं माईमर किंवा रास्ता पेठेतलं १९३३ पासूनचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय, ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. हे विद्यापीठ ३ जून १९९८ ला सुरू झालं. परीक्षा, शिक्षकांची मान्यता आणि संलग्नीकरणाची दरवर्षीची तपासणी या सगळ्याचा केंद्रबिंदू नाशिक. इथल्या प्राचार्याला विद्यापीठाची परिपत्रकं तोंडपाठ असावी लागतात.

वानवडीचं एएफएमसी, म्हणजे सशस्त्र सेनादलांचं वैद्यकीय महाविद्यालय, १९४८ चं. तिथला प्रमुख लष्करी वैद्यकीय सेवेतूनच येतो, त्यामुळं बाहेरच्यासाठी तो रस्ता नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला मात्र २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे. सार्वजनिक आरोग्य किंवा आंतरविद्याशाखीय संशोधनाकडे कल असणाऱ्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

पाऊल दुसरं: कोणतं पद म्हणजे नेमकं कोणतं काम

विभागप्रमुख हे पहिलं खरं प्रशासकीय पद. ड्यूटी रोस्टर, रजा, पीजीच्या जागा, विभागाची मागणीपत्रं. विभागात दोन प्राध्यापक एकमेकांशी बोलत नसतानाही ओपीडी वेळेवर सुरू ठेवणं, ही इथली खरी परीक्षा. ती पास झालेला माणूस पुढं कुठंही टिकतो.

उपअधिष्ठाता हे पद लोक उगाच कमी लेखतात. मोठ्या संस्थांत शैक्षणिक, संशोधन, विद्यार्थी कल्याण आणि पदव्युत्तर असे वेगवेगळे उपअधिष्ठाता असतात. त्यांतला शैक्षणिक उपअधिष्ठाता संस्थेचं वर्षभराचं घड्याळ चालवतो. २०१९ पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आल्यावर हे काम दुपटीनं वाढलं. वेळापत्रक, लॉगबुक, अंतर्गत मूल्यमापन, कम्युनिटी पोस्टिंग, सगळ्याचा धागा याच टेबलावर येतो. सही बहुधा 'डीनकरिता' असते, पण संस्था आतून कशी चालते हे कळायला याहून चांगली जागा नाही. थेट विभागप्रमुखाचा डीन झालेला आणि मध्ये दोन-तीन वर्षं उपअधिष्ठाता राहून डीन झालेला, यांतला फरक पहिल्याच इन्स्पेक्शनला दिसतो.

वैद्यकीय अधीक्षक म्हणजे एमएस. रुग्णालय चालवणारा माणूस. खाटा, नर्सिंग, सुरक्षा, रक्तपेढी, तक्रारी, पोलिस, पत्रकार. राष्ट्रीय नियमांत या पदासाठी प्रशासकीय अनुभवावर भर आहे. रात्री दोनला फोन घ्यायची तयारी नसेल तर या पदाकडे वळू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं काढलेल्या सूचनेनुसार ड्यूटीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर जास्तीत जास्त सहा तासांत गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची आहे. ती सहा तासांची धावपळ प्रत्यक्षात एमएसच करतो.

कॉलेजचा डीन आणि विद्यापीठाच्या विद्याशाखेचा डीन ही दोन वेगळी पदं आहेत आणि अर्ज करताना यात गफलत होते. कॉलेजचा डीन माणसं, इमारत आणि रुग्णालय सांभाळतो. विद्याशाखेच्या डीनचं काम अभ्यास मंडळं, परीक्षकांच्या याद्या, पीएचडीचे मार्गदर्शक आणि विविध कॉलेजांतला शैक्षणिक समन्वय हे असतं. आरोग्यविज्ञान विद्याशाखेत मेडिकलबरोबर डेंटल, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि इतर पूरक शाखाही येतात. प्रत्येकाचा नियामक निराळा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग २५ सप्टेंबर २०२० पासून मेडिकल कौन्सिलच्या जागी आला. पूरक आरोग्य व्यवसायांचा कायदा २०२१ चा, दंतवैद्यक आयोगाचा आणि नर्सिंग आयोगाचा कायदा २०२३ चा. मेडिकलच्या माणसानं डीन झाल्यावर नर्सिंगच्या प्राचार्यांना बैठकीत शेवटी बोलायला देणं, हे मी पाहिलं आहे आणि मला ते अजिबात पटत नाही. विद्याशाखा सगळ्यांची असते. रुग्णाशेजारी सगळ्यात जास्त वेळ नर्सच असते.

यापुढची पदं म्हणजे कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, प्र-कुलगुरू आणि कुलगुरू. कुलगुरुपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापक म्हणून किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक-प्रशासकीय संस्थेत किमान दहा वर्षांचा अनुभव आणि शोध समितीमार्फत निवड, अशी चौकट आहे. डीनपद न भूषवताही तिथं जाता येतं, पण परीक्षा नियंत्रक म्हणून काम केलेल्यांचा पाया फार पक्का असतो, हे आवर्जून सांगतो.

पाऊल तिसरं: कागद आजच गोळा करा

मेडिकल कॉलेजच्या डीनसाठी बराच काळ चालत आलेली अट अशी: मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक मिळून किमान दहा वर्षं अध्यापन, त्यांतली किमान पाच वर्षं प्राध्यापक म्हणून. शिक्षकांच्या पात्रतेचे २०२२ चे नियम २०२५ मध्ये बदलले गेले. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका. अर्जाच्या दिवशी लागू असलेलं राजपत्र राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि प्रत्येक शब्द वाचा. डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगसाठी आपापल्या आयोगाचे किंवा परिषदेचे नियम बघा. वयाची मर्यादाही तिथंच कळते. मेडिकलमध्ये अध्यापक, डीन किंवा एमएस म्हणून सत्तरीनंतर राहता येत नाही.

अर्ज बाद होतात ते गुणवत्तेवर कमी आणि कागदांवर जास्त. एखाद्या संस्थेतून कार्यमुक्तीचा आदेश घ्यायचा राहिलेला असतो. अनुभव प्रमाणपत्रावर 'पासून' असतं, 'पर्यंत' नसतं. पदोन्नती झाली त्या तारखेला विद्यापीठाची शिक्षक-मान्यता आलेली नसते, त्यामुळं प्राध्यापकपदाचे सात महिने मोजणीतून गळतात आणि पाच वर्षं भरत नाहीत. हे समोर बसलेल्या माणसाला सांगताना निवड समितीलाही वाईट वाटतं.

यावर उपाय सोपा आहे. एक तक्ता बनवा. प्रत्येक पदासाठी एक ओळ: नेमणुकीचा आदेश, रुजू झाल्याची तारीख, विद्यापीठ मान्यतेचं पत्र, पगारपत्रक किंवा फॉर्म १६, कार्यमुक्ती. ज्या रकान्यात काही नाही तिथं लाल खूण करा आणि त्या संस्थेला आत्ताच पत्र टाका. दहा वर्षांनी तिथला आस्थापना विभागातला माणूस निवृत्त झालेला असेल आणि जुनी नस्ती, म्हणजे फाइल, कोणत्या कपाटात आहे हे कुणालाच ठाऊक नसेल. वैद्यकीय शिक्षणतंत्राचा मूलभूत अभ्यासक्रम आणि जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम ही दोन प्रमाणपत्रंही याच फाइलमध्ये ठेवा.

पाऊल चौथं: कुणाला नको असलेल्या समित्या मागून घ्या

स्नेहसंमेलन समिती आणि स्मरणिका समिती यांना सदस्य भरपूर मिळतात. तुम्हाला वरचं पद हवं असेल तर दुसरीकडे वळा.

पहिली, गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आयक्यूएसी. नॅक, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, तिच्यासाठीचा वार्षिक अहवाल लिहिताना संस्थेचा प्रत्येक विभाग, प्रत्येक आकडा आणि प्रत्येक पुरावा तुमच्या हाताखालून जातो. ग्रंथालयाचं सबस्क्रिप्शन किती, माजी विद्यार्थी कुठं आहेत, महिलांसाठी काय सोयी आहेत, सगळं. एक पूर्ण चक्र केलंत तर संस्थेची कुंडली पाठ होते.

दुसरी, संस्थात्मक एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरचं संशोधन नैतिकतेच्या कसोटीवर तपासणारी समिती. सदस्य-सचिव संस्थेतला असतो आणि अध्यक्ष बाहेरचा असावा लागतो. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांची ओळख इथंच होते. पुण्यात याला वेगळं महत्त्व आहे. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ पासून इथं आहे, भोसरीची एड्स संशोधन संस्था १९९२ पासून, सिरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून. केईएम रुग्णालयाचं वढूचं ग्रामीण संशोधन क्षेत्र आहे, बी. जे. मध्ये जॉन्स हॉपकिन्ससोबतचं संशोधन केंद्र आहे. अशा शहरात डीन होणाऱ्याला ट्रायलचा करार वाचता आला पाहिजे आणि रुग्णाला नुकसान झालं तर भरपाई कशी ठरते हे माहीत असलं पाहिजे.

तिसरी, रॅगिंगविरोधी समिती. तक्रारीत तथ्य दिसलं की चोवीस तासांत पोलिसांकडे जाण्याचं बंधन संस्थाप्रमुखावर आहे. वसतिगृहात रात्री गेलेला, घाबरलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाशी त्याच्या आईवडिलांसमोर बोललेला, आणि दुसऱ्या बाजूच्या मुलांचंही शांतपणे ऐकून घेतलेला प्राध्यापक पुढं डीन म्हणून वेगळाच असतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समितीही तशीच. तिचा कायदा २०१३ चा, अध्यक्ष महिला असते आणि चौकशीला नव्वद दिवसांची मुदत आहे.

चौथी, खरेदी समिती. इथं पैसा कसा हलतो ते दिसतं.

याशिवाय रेसिडेंट डॉक्टरांशी बोलायची जबाबदारी कुणी देत असेल तर लगेच घ्या. मार्डचे, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचे, प्रतिनिधी मागण्या घेऊन येतात तेव्हा विद्यावेतन, वसतिगृहातलं पाणी, सुरक्षारक्षक आणि सलग ड्यूटी हेच विषय असतात. यातल्या निम्म्या गोष्टी संस्थेच्या पातळीवर सुटतात. त्या सोडवून दाखवल्या तर उरलेल्या निम्म्यांसाठी मुलं तुमच्यावर विश्वास ठेवतात.

पाऊल पाचवं: टिपणी लिहायला शिका

टिपणी म्हणजे मंजुरीसाठी वर पाठवायचा लेखी प्रस्ताव. हे सगळ्यात दुर्लक्षित कौशल्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा ऑपरेशन थिएटरमधलं भूल देण्याचं यंत्र वारंवार बंद पडतंय. बहुतेक विभागप्रमुख लिहितात: 'यंत्र जुने झाले असून नवीन यंत्राची तातडीने आवश्यकता आहे, कृपया मंजुरी द्यावी.' ही नस्ती तीनदा परत येते. पहिल्यांदा लेखा विभाग तरतूद विचारतो, दुसऱ्यांदा भांडार विभाग जुन्या यंत्राचं काय करणार ते विचारतो, तिसऱ्यांदा व्यवस्थापन विचारतं की दुरुस्ती का होत नाही.

चांगली टिपणी हे सगळे प्रश्न आधीच सोडवते. पहिल्या परिच्छेदात यंत्र कधी घेतलं, देखभाल करार कधीपर्यंत आहे आणि गेल्या वर्षभरात कोणत्या तारखांना बंद पडलं. दुसऱ्यात त्यामुळं किती शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या, थिएटरच्या रजिस्टरमधल्या नोंदींसह. तिसऱ्यात तीन पर्याय: दुरुस्ती, भाड्यानं घेणं, नवीन खरेदी, प्रत्येकाचा पाच वर्षांचा खर्च देखभालीसकट. चौथ्यात कोणत्या लेखाशीर्षात किती रक्कम शिल्लक आहे. पाचव्यात जुन्या यंत्राच्या निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदींतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव. शेवटी नेमकी मागणी, एकाच वाक्यात: अमुक रकमेस प्रशासकीय व वित्तीय मान्यता मिळावी आणि निविदा काढण्यास परवानगी असावी. सरकारी संस्थेत असाल तर जेम हे केंद्र सरकारचं खरेदी पोर्टल किंवा महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण यांपैकी कोणता मार्ग लागू आहे तेही तिथंच लिहा.

अशी टिपणी दीड पानात बसते. वर बसलेल्या माणसाला ती वाचून सही करायला पाच मिनिटं पुरतात. तुमच्या नावाची नस्ती आली की ती परत जात नाही, अशी ओळख झाली तर पुढच्या पदासाठी तुमचं नाव तुमच्या आधी पोचतं.

इतिवृत्ताचंही तसंच. 'विषयावर सविस्तर चर्चा झाली' या वाक्याला काहीच किंमत नाही. काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं हवं. कॉलेज कौन्सिलच्या बैठकीचं इतिवृत्त चोवीस तासांत पाठवणाऱ्या सचिवाला लोक आपोआप मान देतात.

पाऊल सहावं: संस्थेचे आकडे

डीनला रोज सकाळी चार आकडे माहीत असावेत: ओपीडी, भरलेल्या खाटा, उपस्थित शिक्षक, मोठ्या शस्त्रक्रिया. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या किमान निकषांनुसार १०० एमबीबीएस जागांना ४२० खाटा, १५० जागांना ६०५ खाटा लागतात आणि वर्षाची सरासरी ८० टक्के खाटा भरलेल्या असाव्या लागतात. शिक्षकांची किमान ७५ टक्के उपस्थिती आधारशी जोडलेल्या प्रणालीतून थेट दिल्लीला दिसते. म्हणजे इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री जमवाजमव करायचे दिवस संपले. हा बदल मला मनापासून आवडतो. जी संस्था वर्षभर प्रामाणिकपणे रुग्णसेवा करते तिला आता धावपळ करावी लागत नाही.

पैशाच्या बाजूनं दोन गोष्टी पुण्यात अटळ आहेत. तुमचं रुग्णालय धर्मादाय न्यासाखाली असेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेली योजना लागू होते. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. या खाटांचं रजिस्टर स्वतः बघा. गरीब माणूस काउंटरवर उभा असताना त्याला ही योजना कुणी सांगितली का, हे डीननं विचारलं तरच विचारलं जातं. दुसरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. शिक्षण रुग्णालयात या योजनेचे दावे हे मोठं उत्पन्न आहे, आणि दावे नाकारले जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अपुरे कागद. रेसिडेंटला डिस्चार्ज कार्ड नीट लिहायला शिकवणं म्हणजे शिक्षणही झालं आणि संस्थेचा पैसाही वाचला.

एनआयआरएफ, म्हणजे शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी, तिचे पाच निकष वाचून ठेवा. रँक कितवी आली यापेक्षा कोणत्या निकषात गुण गेले हे सांगता आलं पाहिजे.

पाऊल सातवं: अर्ज आणि मुलाखत

अर्जापूर्वी त्या संस्थेचे नॅकचे वार्षिक अहवाल, संकेतस्थळावरची सक्तीची माहिती आणि जमल्यास आयोगाच्या तपासणीतल्या त्रुटी वाचा. हे बरंचसं सार्वजनिक असतं. त्या आवारात एक सकाळ घालवा. नोंदणीच्या रांगेत उभे राहा, कँटीनमध्ये चहा घ्या, मुलींच्या वसतिगृहाकडे जाणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी दिवे लागतात का ते बघा.

मुलाखतीत 'संस्थेला जागतिक दर्जाची करीन' हे वाक्य प्रत्येक उमेदवार म्हणतो. त्यापेक्षा 'तुमच्याकडे शरीररचनाशास्त्रात दोन पदं रिकामी दिसतात, ती भरायला मी पहिल्या तीन महिन्यांत हे हे करीन' असं म्हणणाऱ्याकडे समिती मान वर करून बघते. दोन पानांचा आराखडा न्या. एका पानावर संस्थेची आजची स्थिती, दुसऱ्यावर पहिल्या वर्षाची पाच कामं. सादरीकरणासाठी मराठी आणि इंग्रजी दोन्हींची तयारी ठेवा. समितीचे सदस्य, विश्वस्त आणि कर्मचारी प्रतिनिधी अशा सगळ्यांशी बोलता येणं पुण्यात फार उपयोगी पडतं.

कठीण प्रश्न हमखास येतात. रेसिडेंटनी काम बंद केलं तर? एखाद्या विश्वस्तानं पात्र नसलेल्याला घ्या म्हटलं तर? दोन्हींना नियमांच्या चौकटीतलं, शांत आणि खरं उत्तर द्या. दुसऱ्या प्रश्नावर चाचरणारा उमेदवार पुढं मोठ्या अडचणीत सापडतो.

पाऊल आठवं: रुजू होण्यापूर्वी आणि कार्यभार घेताना

निवडीचा फोन आला की लगेच होकार द्यायचा मोह होतो. आधी नेमणूकपत्राचा मसुदा मागा. त्यात मुदत किती, परिविक्षा (प्रोबेशन) किती, मूळ पदावरचा धारणाधिकार, म्हणजे तिथं परत जायचा हक्क, राहतो का, आणि वित्तीय अधिकारांचा आदेश सोबत जोडलेला आहे का ते बघा. वित्तीय अधिकारांचा आकडा लिहिलेला नसेल तर नम्रपणे, पण लेखी मागा. मी पाहिलेल्या चांगल्या संस्थांना हे विचारल्याचा राग येत नाही.

कार्यभार घेताना चाव्या आणि पुष्पगुच्छ यांपलीकडे एक यादी सही करून घ्या. न्यायालयात प्रलंबित असलेली प्रकरणं आणि पुढच्या तारखा. आयोग आणि विद्यापीठाकडून आलेली, उत्तर न दिलेली पत्रं. बँक खात्यांचे स्वाक्षरीदार. बिंदुनामावलीची, म्हणजे पदांच्या आरक्षणाच्या तक्त्याची, सद्यस्थिती. मग परवाने: सोनोग्राफीची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंध) कायद्याखालची नोंदणी, जी पाच वर्षांची असते, रक्तपेढीचा परवाना, जैववैद्यकीय कचऱ्याचं अधिकारपत्र, आणि अग्निसुरक्षेचा 'ब' नमुना, जो दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. प्रत्येकासमोर मुदत संपण्याची तारीख लिहा. एखादी तारीख उलटून गेली असेल तर त्याच दिवशी वर कळवा, कारण तुमच्या सहीनंतर ती जबाबदारी तुमची होते.

पहिल्या महिन्यात मोठे बदल जाहीर करू नका. सगळ्या विभागांत जा, पण वेळ न सांगता जा आणि सोबत ताफा नको. नाइट ड्यूटीच्या सिस्टरना, लिफ्टमनला आणि शवागारातल्या कर्मचाऱ्याला नावानं ओळखायला लागा. त्यांच्याकडून संस्थेबद्दल जे कळतं ते कुठल्याही अहवालात नसतं.

क्लिनिकल शाखेतले असाल तर आठवड्यातली एक ओपीडी सोडू नका, आणि ती नेमणूकपत्रातच लिहून घ्या. विभागाचं प्रमुखपद सोडावं लागतं, रुग्ण सोडावे लागत नाहीत. रुजू झाल्यावर मागितलीत तर बैठकांच्या वेळापत्रकात ती सकाळ कुणी मोकळी ठेवत नाही.